नवनिर्वाचित सरपंचपतींना चार समजुतीच्या गोष्टी

दादा, अभिनंदन! वहिनी निवडून आल्या म्हणजे तुम्हीच आलात. 2011 साली महाराष्ट्रात पंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांना गेल्या, तेव्हा काही जणांनी उगाच हाय खाल्ली होती. झालं काहीच नाही. कायद्याच्या कागदावर सरपंच त्या, गावाच्या तोंडी सरपंच तुम्ही. फ्लेक्सवर त्यांचा फोटो तुमच्यापेक्षा लहान ठेवला की गावकऱ्यांचाही घोटाळा होत नाही.

आधी डिजिटल सहीचं डोंगल ताब्यात घ्या. वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून गावाला येणारा पैसा आता चेकने सुटत नाही. ग्रामसेवकाने बिल चढवायचं आणि सरपंचांच्या डिजिटल सहीने ते मंजूर व्हायचं. (ग्रामसेवकाला हल्ली ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं असतं. पहिल्या भेटीत तसं म्हणा, खूश होतो.) एवढी नाजूक वस्तू वहिनींच्या पर्समध्ये बरी नव्हे.

खरी डोकेदुखी ग्रामसभेची. वर्षातून किमान चार घ्याव्या लागतात आणि न घेतल्यास पदावर गदा येऊ शकते. तेव्हा टाळू नका, उरका. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, आहे एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांत जो आकडा कमी तो. आता शंभर माणसं जमवायची म्हणजे शंभर तोंडं जमवायची. त्यापेक्षा कोरमअभावी सभा तहकूब करा, कारण तहकूब सभेला कोरम लागतच नाही. ही तरतूद ज्याने कुणी लिहिली, त्याला माझा साष्टांग दंडवत! नोटीस फळ्यावर जरूर लावा, पल्स पोलिओच्या पोस्टरच्या खाली. दवंडीही द्या, पण भर दुपारी, सगळा गाव रानात असताना. हजेरीचं रजिस्टर मग शिपाई घरोघर फिरवील. ‘रेशनचं काहीतरी आहे’ म्हटलं की सही मिळते, सहीच्या जोडीला चहाही मिळतो.

नेहमीच्या सभेआधी बायकांची वेगळी ग्रामसभा घ्यावी लागते. अंगणवाडीत बचत गटाच्या बायका बसवा, फोटो काढा, सोडून द्या. तुम्ही मात्र आत बसू नका. नातेवाइकांनी कारभारात लुडबुड करू नये, असं शासनाचं परिपत्रक आहे. दारात उभं राहिलं तरी सगळं ऐकू येतं. आणि 2023 मध्ये केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाने खास तुमच्या जमातीसाठी समिती नेमली होती. मनाला लावून घेऊ नका. ज्यांना तालुक्यात कुणी खुर्ची देत नव्हतं, त्यांची दखल थेट दिल्लीने घेतली!

‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखडा ग्रामसभेने ठरवायचा असतो. मागचा घ्या, साल बदला. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीतला 60 टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला. त्याला बंधित निधी म्हणतात. हा शब्द पाठ करून ठेवा. कुणी म्हणालं, नळाला आठवडाभर पाणी नाही, की खेदाने मान हलवून सांगायचं, ‘काय करणार, निधी बंधित आहे.’ माणूस हळहळत घरी जातो. उरलेल्यातून पेव्हर ब्लॉक बसवा. कुठे बसवायचे, हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्या दारापासून सुरुवात केली की मोजायला सोपं पडतं.

एकाच गोष्टीची भीती बाळगा, ती म्हणजे प्रशिक्षण. सरपंचांनी अमुक तारखेला हजर राहावं, असं पत्र येतं. त्या दिवशी वहिनींच्या माहेरी कुणाला तरी आजारी पाडा, घरात पूजा काढा, काहीही करा. आमच्या शेजारच्या गावच्या बाई जाऊन आल्या आणि पुढच्या मासिक सभेत प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेचं कामकाज लिहायची वही, कोरं आहे म्हणून सहीच करेनात. यजमान हल्ली पूर्ण वेळ शेती बघतात. कांदा चांगला आलाय म्हणे.