लाइटसेबरच्या एलईडीला रेझिस्टर नको, असं सांगणाऱ्यांना

घरी लाइटसेबर (‘स्टार वॉर्स’मधली उजळत्या पात्याची तलवार) बनवणाऱ्यांमध्ये एक सल्ला कायम फिरत असतो: ‘लिथियम सेल ३.७ व्होल्टचा, निळ्या एलईडीला लागतात ३.३. एवढ्याशा फरकासाठी करंट अडवणारा रेझिस्टर कशाला? लावायचाच असेल तर सगळ्या एलईडींना मिळून २२० ओहमचा एकच लावा, आणि तोही प्लसच्याच बाजूला.’

३.७ हा सेलवर छापलेला आकडा. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्ट देतो आणि हिशोब त्यावरच करायचा. म्हणजे फरक ०.४ चा नाही, ०.९ चा आहे. एलईडीला व्होल्टेज जरासं जास्त मिळालं की करंट कितीतरी पटींनी चढतो. वर तो तापला की त्याचं फॉरवर्ड व्होल्टेज (पेटायला लागणारं व्होल्टेज) उतरतं, त्यामुळे करंट आणखी वाढतो आणि तो आणखी तापतो. लाइटसेबरच्या बंद मुठीत तर उष्णतेला बाहेर पडायला वाटही नसते.

‘पण बटण सेलवर छोटा एलईडी रेझिस्टरशिवाय मजेत चालतो की!’ चालतो, कारण त्या सेलचा अंतर्गत रोध बराच मोठा असतो. रेझिस्टर तिथेही आहे, फक्त सेलच्या पोटात. लाइटसेबरमधल्या १८६५० या लिथियम सेलचा अंतर्गत रोध मात्र ओहमच्या काही शतांशांइतकाच, त्यामुळे तो करंट अडवत नाही.

२२० ओहम हा आकडा ५ व्होल्टवरच्या छोट्या लाल एलईडीला शोभतो. आपल्या निळ्याला त्यातून जेमतेम ४ मिलिअँपिअर मिळतील, आणि पातं उजळायला ३५०च्या आसपास हवेत. सूत्र साधं आहे: सेलच्या व्होल्टेजमधून एलईडीचं व्होल्टेज वजा करा आणि अँपिअरमधल्या करंटने भागा. निळ्यासाठी ०.९ भागिले ०.३५, म्हणजे २.५७, बाजारात मिळणारी पुढची किंमत २.७ ओहम. लाल एलईडी २.२ व्होल्टचा धरला तर ५.७ येतात, म्हणून ६.२ घ्या. इथे बहुतेकजण वॉट विसरतात. लालच्या रेझिस्टरमध्ये साधारण ०.६५ वॉट उष्णता होते. नेहमीचा पाव वॉटचा रेझिस्टर तिथे करपणारच. १ वॉटचा चालेल, पण मुठीतली कोंडी पाहता मी २ वॉटचाच घेईन.

सगळ्यांना मिळून एक रेझिस्टर? समांतर जोडलेल्या एलईडींमध्ये ज्याचं व्होल्टेज किंचित कमी, तो जास्त करंट ओढतो. तो जळून तुटला की त्याचा वाटा उरलेल्यांवर पडतो. लाल आणि निळा एकत्र जोडून बघा: लाल एलईडी व्होल्टेज दोनाच्या आसपास धरून ठेवतो आणि निळा पेटतच नाही. प्रत्येकाला स्वतंत्र रेझिस्टर द्या.

प्लस की मायनस, याने काही फरक पडत नाही. एकसर, म्हणजे एकामागोमाग एक, जोडणीत करंट सगळीकडे सारखाच.

रेझिस्टर नको म्हणणाऱ्यांचं एक म्हणणं मात्र मला पटतं: सेल उतरत जातो तसं निळं पातं मंद होतं. ३.७ व्होल्टवर त्या २.७ ओहममधून जाणारा करंट निम्म्याच्या आसपास येतो. पण यावर उपाय रेझिस्टर काढणं हा नाही, कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर, म्हणजे करंट एकसारखा ठेवणारं सर्किट, बसवणं हा आहे. तो घेताना सेल ३.५ व्होल्टवर आला तरी ३.३च्या एलईडीला पूर्ण करंट देतो का, एवढं तपासा. साधे ड्रायव्हर स्वतःसाठीच थोडे व्होल्ट खातात.