परदेशातून : ट्रीचं बिल कोणाच्या नावानं?

डिसेंबर लागला की आमच्या नागपूरच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन विषय फिक्स असतात, एक म्हणजे हिवाळी अधिवेशनापायी बंद केलेले सिव्हिल लाइन्सचे रस्ते आणि दुसरा ख्रिसमस ट्री. यंदा निमित्त मिळालं बेसा रोडवरच्या एका सोसायटीचं, आमच्यातले तिघं तिथंच राहतात. कमिटीनं लॉबीत सहा फुटी प्लास्टिकचं ट्री आणलं, लाइटिंग केली, पोरांसाठी सांताच्या टोप्या आणल्या आणि बिल लावलं मेन्टेनन्सच्या खात्यात. झालं. एक म्हणे २५ डिसेंबरला आता आपल्याकडे तुळशी पूजन करतात तर लॉबीत तुळस ठेवा, दुसरा म्हणे पोट्ट्यांना काय समजते त्यातलं, मजा करू द्या ना बे, तिसऱ्यानं चायनाच्या मालावर बहिष्काराचा फॉरवर्ड टाकला, चायनाच्याच फोनवरून टाकला हे अलाहिदा. मग गाडी माझ्यावर आली. तू जर्मनीत राहून राहिला ना, तूच सांग, तिथं कोणी आपली दिवाळी करते का?

आता याचं उत्तर कोणत्याच पार्टीला पाहिजे तसं देता येत नाही. मी स्टुटगार्टला असतो, ऑफिसच्या रिसेप्शनला दरवर्षी खरंखुरं ट्री उभं राहते ते कंपनीच्या पैशानं, आणि दिवाळीला मी बेसनाचे लाडू नेतो ते माझ्या पैशानं, किचनमध्ये डबा ठेवला की चहाच्या वेळेपर्यंत साफ. म्हणजे ज्यांची संख्या जास्त त्यांच्या सणाला ऑफिसचा खर्च, बाकीच्यांनी आपापलं बघा. हाच हिशोब बेसा रोडला लावला तर ट्री जाऊन तुळस येईल, त्यामुळे फॉरेनमध्ये बघा लोक किती मोकळे म्हणून जे मित्र ट्रीच्या बाजूनं भांडून राहिले त्यांनी कृपया माझा दाखला देऊ नये. आणि बघा तिकडेही आपल्याला कोणी विचारत नाही म्हणणाऱ्यांनीही देऊ नये, लाडवांवर आजवर कोणी संस्कृतीचा आक्षेप घेतलेला नाही. इथं २४ तारखेला दुपारी दोनला दुकानं बंद होतात, २५ आणि २६ दोन्ही दिवस सुट्टी, सगळे आपापल्या घरात, आणि आमच्यासारख्याला त्या संध्याकाळी कोणी बोलावलं तर ठीक नाहीतर खिचडी आणि टीव्ही. त्यापेक्षा आपल्या नागपूरचा सदर भाग बरा. ख्रिसमसला चर्चमधली गव्हाणी, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, बघायला कोणत्याही धर्माची माणसं पोरं घेऊन रांगेत उभी राहतात, मोहननगरच्या कॅथेड्रललाही तेच, आणि त्यासाठी कोणाला कमिटीची परवानगी लागत नाही.

पण भांडण कशावरून होते यात मात्र मला फरक दिसतो. इथं जर्मनीत आमच्याही घरी ट्री येते, मुलीला पाहिजे असते. विकणारा ते लोखंडी नळकांड्यातून ढकलतो आणि पलीकडून जाळीत आवळलेलं बाहेर काढतो, खोडाचा दोन-तीन सेंटीमीटरचा चकता कापून देतो कारण जुना काप डिंकानं बंद झालेला असतो आणि मग खोड पाणी ओढत नाही, घरी लगेच पाण्याच्या स्टँडमध्ये उभं करायचं, हीटरपासून लांब. लाइटच्या माळा आधी, त्याही लावायच्या आधी पेटवून बघायच्या, मग मोठे काचेचे गोळे खाली आणि खोडाकडे, हलके टोकाला. (हा क्रम आमच्या घरात एकदाही पाळला गेलेला नाही, मुलगी चांदणीपासूनच सुरू करते.) तर हे ट्री तिसऱ्या मजल्यावर नेईपर्यंत जिन्यात हिरव्या सुयांचा सडा पडतो आणि समोरच्या आजीबाई झाडू घेऊनच दार उघडतात. तुम्ही तर हिंदू, मग ट्री कशाला, असं त्यांनी कधी विचारलं नाही. जिना कोण झाडणार एवढंच विचारतात. या भागात जिना झाडायची आठवड्याची पाळी असते, ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते, पण ट्रीच्या सुया पाळीत येत नाहीत, ज्यानं आणलं त्यानं झाडायच्या. सहा जानेवारीनंतर ट्री ठरल्या दिवशी खाली रस्त्याच्या कडेला ठेवायचं, आणि त्यावर चमकी राहिली असली तर पालिकेची गाडी ते सोडून जाते कारण त्याचं खत करायचं असते.

धंद्याच्या अंगानं बघा, याहून मजा आहे. इथं जास्त खपते ते नॉर्डमन जातीचं ट्री, माणसाच्या उंचीचं व्हायला त्याला आठ ते बारा वर्षं लागतात. बी येते जॉर्जिया देशातल्या अंब्रोलौरी भागातून, तिथं माणसं उंचच उंच झाडांवर चढून शंकू तोडतात, मग रोपं वाढतात डेन्मार्कमध्ये, जर्मनीत. आज लावलेलं रोप विकायला येईल तेव्हा भाव काय असेल कोणी सांगावं. अमेरिकेत २००८ च्या मंदीत शेतकऱ्यांनी रोपं कमी लावली, त्याचा चटका २०१६-१७ च्या सुमारास बसला, माल कमी आणि भाव वर. आणि इतकी वर्षं जपलेल्या या मालाची किंमत २४ च्या दुपारनंतर शून्य, बर्लिनच्या झूमध्ये न विकलेली ट्री हत्तींना खायला घालतात. काटोल-वरुडकडच्या संत्रावाल्याला यातलं काहीच समजावून सांगावं लागणार नाही, झाड लावल्यापासून पहिल्या बहाराची वाट बघणं काय असते हे त्याला विचारा.

आमच्या मामांचं नागपूरच्या इतवारीत सजावटीच्या सामानाचं दुकान आहे. तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे पोरांच्या पोळ्याचे, लाकडी बैल, मग गणपतीचे मखर, मग दिवाळीचे आकाशकंदील, मग ट्री आणि घंट्या, मग संक्रांतीच्या वाणाच्या वस्तू, मग पिचकाऱ्या, गोडाऊन एकच आणि भांडवलही एकच, तेच वर्षभर फिरते. मामांना ग्रुपवरची भानगड फोनवर सांगितली. त्यांनी धर्माचं काहीच विचारलं नाही. "बिल कोणाच्या नावानं फाडलं?" एवढंच. मी म्हटलं सोसायटीच्या. "मग भांडण होणारच ना बापा, मीटिंगमध्ये विचारलं होतं का कोणाला?"

विचारलं नव्हतं.

मामा नवीन डिझाइनचा माल घेताना आधी थोडाच घेतात, जमलं तर जांगडवर, म्हणजे विकला तर पैसे नाहीतर माल परत. मला यावरून वूलवर्थ आठवला, अमेरिकेतला तो स्वस्त दुकानांचा मालक. १८८० मध्ये त्याला जर्मनीतल्या लाउशा गावात फुंकून केलेले काचेचे गोळे कोणी दाखवले तर हे कोण घेईल म्हणून तो नाक मुरडत होता, शेवटी विकणाऱ्यानं खपायची गॅरंटी दिली तेव्हा त्यानं २५ डॉलरचा माल ठेवला. दोन दिवसांत संपला, आणि पुढे त्यानं त्याच्यावर रग्गड पैसा कमावला. मॅनेजमेंटच्या कोर्समध्ये याला काय भारी नाव असेल ते असो, इतवारीत कोणत्याही गल्ल्यावर बसलेला माणूस हे रोज करतो. बेसा रोडच्या कमिटीनं मात्र नवीन माल थेट सगळ्यांच्या पैशातून उचलला आणि जांगड-बिंगड काही नाही.

म्हणून माझं मत विचाराल तर ट्री ठेवावं, पण मेन्टेनन्समधून नाही. मेन्टेनन्स लिफ्टसाठी, पाण्यासाठी, वॉचमनसाठी आहे, त्यावर ज्यानं आक्षेप घेतला त्याचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, फक्त तो संस्कृतीच्या नावानं मांडायची गरज नव्हती, हिशोबाच्या नावानं मांडला असता तर अर्धी बिल्डिंग त्याच्या बाजूनं असती. गणपतीला आपण काय करतो? वर्गणी काढतो. ज्याला द्यायची तो देतो, नाही देत त्याच्याही पोराला मोदक मिळतो. ट्रीचीही वर्गणी काढा, तुळशीचीही काढा, दोन्ही लॉबीत राहू द्या, जागा आहे तिथं. तुळशीला मात्र रोज पाणी घालणाऱ्याचं नाव आधी लिहून घ्या, कारण २५ तारखेला फोटो काढून झाले की तिच्याकडे कोण बघते हे आपल्याला माहीत आहे. चायनाच्या मालाचा मुद्दा असेल तर तो गणपतीच्या एलईडी माळांनाही लावावा लागेल, तयारी असेल तर माझी हरकत नाही.

आणि पोट्टे बिघडतात या काळजीचं म्हणाल तर तान्ह्या पोळ्याला हीच पोरं लाकडी बैलाला झूल, घुंगरं, फुगे लावून दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात ना, आमच्या काळात फुगे नव्हते एवढाच फरक. सजवायला काहीतरी पाहिजे असते त्यांना. ज्या घरात बैल अजून कपाटावर धूळ खात पडला आहे त्यांनी आधी तो काढावा, मग सांताच्या टोपीवर बोलावं, हे जरा खोचक झालं पण ग्रुपवरही मी हेच लिहिलं आणि दोघं लेफ्ट झाले, त्यातला एक परत आला.

आता उरला खरा प्रश्न, जो कोणीच काढला नाही. जानेवारीत ते सहा फुटी ट्री खोक्यात भरून वर्षभर ठेवणार कुठं? सेक्रेटरी म्हणते लिफ्टच्या मशीन रूममध्ये. तिथं नका ठेवू राजेहो, लिफ्टवाला सर्व्हिसिंगला आला की पहिले त्याच्यावरच बोंबलेल, मीटर रूमही नको, गच्चीवरच्या टाकीखाली उंदीर आहेत. ज्यांनी ऑर्डर केलं त्यांच्याच दिवाणात जाऊ द्या.