मदरबोर्डला शंभर ताप

तीनशे रुपये गेल्याचं मला दुःख नाही. म्हणजे आहे, पण राग त्याहून मोठा आहे. ते तीनशे 'चेकिंग चार्ज' म्हणून गेले आणि चेकिंग असं काही झालंच नाही. मशीन नेलं होतं रॅम बसवायला. नाशिकच्या महात्मा गांधी रोडवरच्या त्या दुकानात (नाव लिहीत नाही, फुकट जाहिरात कशाला करा) रॅम बसली, मशीन चालू झालं आणि न सांगता पोराने एक फुकटातलं मॉनिटरिंग सॉफ्टवेअर उघडलं. 12 व्होल्टच्या ओळीसमोर लाल अक्षरात आलं, 7.26.

"एसएमपीएस गेला सर, पॉवर सप्लाय. अडीच हजारात चांगला बसवून देतो."

"अरे, 12 चे सव्वासात झाले असते तर मशीन चालू तरी झालं असतं का? हार्डडिस्क फिरली नसती."

"चालतं सर कधीकधी."

या 'चालतं कधीकधी'वर काय बोलणार? बोलले ते शेजारचे काका. कार्ट्रिज भरून घ्यायला आले होते, प्रिंटर मांडीवर, गळ्यात चष्म्याची दोरी. स्क्रीनवर व्होल्टेजखाली तापमानाच्या चार ओळी होत्या: 38, 41, 127 आणि उणे 55. काकांनी चष्मा चढवला.

"हे एकशेसत्तावीस कसले?"

"अंश सेल्सिअस. पण ते खरं नाहीये काका, तिथे..."

"पाणी शंभरला उकळतं. म्हणजे आत पाणी असतं तर उकळलं असतं."

"आत पाणी नाहीये."

"आता नसेलच. उडून गेलं असेल."

पोराने कॅबिनेटमध्ये वाकून बघितलं. देवाशपथ, बघितलं.

"आणि हे उणे पंचावन्न? निफाडचा पारा काय खाली जातो, पेपरात फोटो येतात शेकोट्यांचे, पण एवढा नाही." काकांनी काउंटरवरचा कॅल्क्युलेटर ओढला. "बँकेत जन्म गेला माझा. एक आकडा वर असतो, एक खाली असतो, घाबरायचं नाही. सरासरी काढायची." बटणं खटखटली. "अडतीस, एक्केचाळीस, एकशेसत्तावीस, त्यातून पंचावन्न वजा. एकशेएक्कावन्न. भागिले चार. सदतीस पूर्णांक पंच्याहत्तर." मग पुन्हा खटखट, कारण काकांचा थर्मामीटर फॅरनहाइटचा. "नव्व्याण्णव पूर्णांक पंच्याण्णव. म्हणजे शंभर. कणकण आहे हो. सध्या घरोघरी आहे, हवा बदललीय."

"तेच म्हणतो ना," पोरगा म्हणाला, "एसएमपीएस बदलून टाका."

काका भडकले. "तापात एसएमपीएस बदलतात का कुठे? आधी उतरू दे."

मला काकांबद्दल आदर वाटला तो इथे. गणित बिनचूक होतं. शिवाय त्या दुकानात चारही आकडे वाचणारा तो एकच माणूस. पोराने एक लाल आकडा पाहिला आणि थेट अडीच हजारांवर आला. अडीच हजाराचं बिल समोर आलं की व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर काढायचा आळस का येतो हे मला अजून समजलेलं नाही. मीटर पोराच्या मागेच खिळ्याला टांगलेला होता.

तर आता चेकिंग. मदरबोर्डवर सुपर आय-ओ नावाची चिप असते, बहुतेक वेळा नुवोटॉन किंवा आयटीईची. पंखे, व्होल्टेज, तापमान हे खातं तिच्याकडे. नुवोटॉनच्या बऱ्याच चिपा जेमतेम 2.04 व्होल्टपर्यंतच मोजू शकतात. 12 व्होल्ट थेट दिले तर चिप मरेल. म्हणून बोर्डवाला मध्ये दोन रेझिस्टर टाकून व्होल्टेज विभागतो. 56 आणि 10 किलोओहमची जोडी घेतली तर भागाकार 6.6 चा, आणि 12 चे साधारण 1.82 व्होल्ट होऊन चिपला पोचतात. चिप खरं सांगते: 1.82. त्याला परत कितीने गुणायचं हे सॉफ्टवेअरने ठरवायचं असतं. पोराच्या सॉफ्टवेअरने 30 आणि 10 ची जोडी गृहीत धरून 4 ने गुणलं. 7.26 ला 4 ने भागा, 6.6 ने गुणा, 11.98 येतात. ठणठणीत.

गंगेला (म्हणजे गोदावरीला, आमच्याकडे तिला गंगाच म्हणतात) पूर आला की नाशिककर मीटर-सेंटिमीटर विचारत नाही. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, एवढ्यावर मेन रोडच्या दुकानदाराला माल वर उचलायचा की नाही ते कळतं. मारुती कुठे उभा आहे आणि केवढा आहे हे सगळ्या गावाला पाठ असल्यामुळे ते चालतं. सॉफ्टवेअरला नुसतं 'कमरेएवढं' ऐकू येतं. कोणाच्या कमरेएवढं, ते बोर्डवाल्याने सांगितलेलं नसतं. आणि बोर्डवाले सांगतही नाहीत. बॉक्सवर रंगीत दिव्यांचं कौतुक चार भाषांत छापतील, पण दोन रेझिस्टरच्या किमती मॅन्युअलमध्ये शोधून दाखवा. लिनक्सवर हेच आकडे दाखवणारं एलएम-सेन्सर्स सांभाळणारी मंडळी वर्षानुवर्षं एकेका बोर्डाचे हे आकडे अंदाजाने जमवत बसलीत. ज्याने रेझिस्टर डकवले त्याला एक ओळ लिहायला काय झालं होतं?

त्याने ती ओळ एका ठिकाणी मात्र लिहिलेली असते, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या बोर्डाच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये. म्हणून पहिली पायरी फुकट आहे: मशीन रिस्टार्ट करा, डिलीट दाबून बायोसमध्ये जा, हार्डवेअर मॉनिटरचं पान उघडा. तिथे 12 च्या आसपास दिसलं आणि विंडोजमध्ये 7 दिसलं, तर दोष सॉफ्टवेअरच्या गुणाकारात. (तिथलं सीपीयूचं तापमान जास्त दिसेल, त्याने दचकू नका. बायोसमध्ये प्रोसेसर नीट विश्रांती घेत नाही.)

दुसरी पायरी मीटर. आधी मीटरचा सेल तपासा, कारण 9 व्होल्टचा सेल उतरला की स्वस्त मीटर व्होल्टेज चढवून सांगतो. नव्या अल्कलाइन पेन्सिल सेलवर 1.6 च्या आसपास आलं तर ठीक. लाल वायर व्होल्टच्या भोकात आहे ना ते बघा. 10 अँपिअरच्या भोकात राहिली असेल तर टोक लावताक्षणी शॉर्ट. डीसी 20 वर ठेवा. एसएमपीएसचा मोकळा चार पिनांचा मोलेक्स कनेक्टर घ्या, काळं टोक काळ्या वायरच्या पिनेला, लाल टोक पिवळ्याला. 11.40 ते 12.60 मध्ये हवं. लाल वायरवर 4.75 ते 5.25. नारिंगीवर, म्हणजे 24 पिनांच्या कनेक्टरमध्ये मागून टोक घालून, 3.14 ते 3.47. हात स्थिर ठेवा, पिवळ्यावरून टोक घसरून काळ्याला भिडलं की मशीन बंद.

माझ्या मशीनवर मीटरने 12.02 दाखवले. 12.02 भागिले 7.26 म्हणजे 1.656. एचडब्ल्यू-इन्फो या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये त्या ओळीवर राइट क्लिक करून गुणकाच्या रकान्यात हा आकडा भरता येतो. एलएम-सेन्सर्समध्ये 'कॉम्प्युट'ची ओळ लिहावी लागते. पण एका मोजणीवर विसंबू नका. प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकून पुन्हा मीटर लावा. मीटर 11.85 आणि सॉफ्टवेअर 11.87 म्हणालं तर गुणक बरोबर. मीटर जागचा हलत नाही आणि सॉफ्टवेअर कोसळतं, असं झालं तर ती ओळ 12 व्होल्टची नाहीच, भलत्याच कशाची तरी आहे.

आकडा 11.93, 11.99, 12.04 असा नाचतो म्हणूनही लोक एसएमपीएस बदलतात. चिपची एक पायरी 0.008 व्होल्टची, 6.6 ने गुणलं की 0.053. त्याहून बारीक तिला दिसतच नाही. आणि दोन मॉनिटरिंग सॉफ्टवेअर एकाच वेळी चालवू नका: एकाने चिपचं एक पान उघडलेलं असतं, दुसरा ते मध्येच पलटतो, आणि पंखा क्षणभर शून्यावर दिसतो.

राहिला काकांचा ताप. तापमान मोजायला बोर्डवर थर्मिस्टर असतो; तो गार झाला की त्याचा रेझिस्टन्स वाढतो. चिपच्या ज्या पिनेला बोर्डवाल्याने थर्मिस्टर जोडलाच नाही तिथे रेझिस्टन्स अनंत, म्हणजे चिपच्या लेखी कडाक्याची थंडी, उणे 55. आणि 127 हा चिन्हासकट आठ बिटांत मावणारा सगळ्यात मोठा आकडा. बहुतेक वेळा त्या पिनेवरही काही नसतं. ओळखायची रीत सोपी आहे. दहा मिनिटं लोड टाका: खरा सेन्सर हळूहळू चढतो आणि हळूहळू उतरतो, खोटा ढिम्म राहतो किंवा टुणकन उडतो. हवेवर थंड होणारा कुठलाही भाग खोलीपेक्षा गार असू शकत नाही. मे महिन्यात दुपारी सिडकोतल्या घरात 29 दिसले तर तो आकडा सोडून द्या. इंटेलचा प्रोसेसर आपण कमाल तापमानापासून किती लांब आहोत तेवढंच सांगतो, त्यामुळे तापल्यावर त्याचं ऐकावं, निवांत असताना फार मनावर घेऊ नये. एएमडीने 2017 मध्ये रायझनच्या 1700एक्स आणि 1800एक्सला मुद्दाम 20 अंश वाढवून सांगायला लावलं होतं, पंख्यांचं वागणं सगळीकडे सारखं राहावं म्हणून. तेव्हा किती जणांनी नवे कूलर घेतले असतील, देव जाणे.

खोट्या ओळी लपवून टाका, काही बिघडत नाही. फक्त लपवण्याआधी बायोसच्या फॅन कंट्रोलमध्ये एकदा डोकावा. प्रत्येक पंख्यासमोर तो कुठल्या तापमानावर चालतो ते लिहिलेलं असतं. पंखा 127 वाल्या सेन्सरला बांधला असेल तर रात्रंदिवस बोंबलेल, तो त्रास निदान ऐकू येतो. उणे 55 ला बांधलेला कॅबिनेटचा पंखा मात्र ग्राफिक कार्ड भाजून निघालं तरी वेग घेणार नाही. पंख्याचा सोर्स, म्हणजे तो कुठलं तापमान बघतो ते, बदलून सीपीयू किंवा सिस्टिम करा आणि एफ-10 दाबून सेव्ह करा.