आजीचं लुगडं आणि अकरा पिशव्या

आजी गेली तेव्हा तिच्या ट्रंकेतून सहा लुगडी निघाली. पाच इकडेतिकडे गेली, आणि सहावं, हिरवं इरकल, माझ्याकडे आलं कारण त्या दिवशी माझी बॅग सगळ्यात मोठी होती. एवढंच कारण. पुढचं सगळं मात्र मी स्वतःच्या हाताने ओढवून घेतलं, रात्री साडेअकराला मोबाईलवर कुणीतरी जुन्या साडीची पिशवी शिवताना बघितलं आणि फॅमिली ग्रुपवर लिहून मोकळी झाले की आजीच्या लुगड्याच्या पिशव्या करूया का, सगळ्यांना एकेक आठवण?

सकाळी उठून बघते तर ४७ मेसेज. एरवी याच ग्रुपवर सत्यनारायणाला किती पानं धरू विचारलं की चार दिवस सामसूम असते. काकांना बीपीच्या मशीनचं कव्हर हवं होतं. न्यू जर्सीच्या चुलतबहिणीला लॅपटॉपचं, "१४ इंची, पॅडेड प्लीज". काकूला बटवा, तिच्या सुनेला ऑफिसची बॅग. धाकटी आत्या शिवणकामातली, ती म्हणाली मला पिनकुशन पुरे. असे अकरा जण झाले. मोठ्या आत्याने लिहिलं, "मला काहीही चालेल, फक्त पदराचं हवं." त्यावर खाली एकेकाचं सुरू, मलाही पदराचं, मलापण पदराचंच.

आता ९ वार म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर, ऐकायला कापड भरपूर. पण इरकलाचं अंग सुती आणि पदर लाल रेशमी, तो विणतानाच फासे घालून अंगाच्या ताण्यात अडकवलेला, लांबीला जेमतेम हातभर. अकरा जणांत वाटला तर प्रत्येकाला बालवाडीतल्या पोराच्या रुमालाएवढा येतो, मी कागदावर मांडून बघितलं. त्यात आजीने मधे दंड घातलेला. म्हणजे लुगडं बसून बसून जिथे विरतं तेवढं कापून टाकायचं आणि चांगले तुकडे शिवून पुन्हा नेसायचं. मोजलं तर साडेसात वार भरलं, आणि त्यातलंही काही उजेडात धरलं की पलीकडची खिडकी दिसत होती.

शिंप्यांची तर तऱ्हाच. पहिला म्हणाला, ताई, सुई लागली की फाटेल, मी नाही घेत. दुसऱ्याने सल्ला दिला की नवीन इरकल आणा, त्याच्या शिवतो, कुणाला कळणारे? (हा मोह मला दोन दिवस होता, खोटं कशाला बोलू.) शेवटी बॅगा शिवणाऱ्या एक ताई मिळाल्या. त्यांनी कापड दोन बोटांत धरून जरा ओढून बघितलं आणि म्हणाल्या होईल, मागून फ्युजिंग लावू, ते इस्त्रीने चिकटतं, मग जुनं कापड दम धरतं, आत कॅनव्हास घालू. एका पिशवीची शिलाई ४५०, अस्तर आणि चेन तुमची. म्हणून मी रविवार पेठेत गेले, गर्दीत तीन तास घालवून अस्तर आणलं, मीटरवर चेन आणली, आणि ताईंनी विचारलं, रनर? मला वाटलं चेन म्हटलं की रनर आलाच. नसतो. तो वेगळा, नगावर. परत रविवार पेठ.

कापायच्या दिवशी ताईंनी लुगडं टेबलावर पसरलं आणि कात्री माझ्याच हातात दिली. "पहिला कट घरच्या माणसाने मारायचा. नंतर बायका माझ्याकडे बघून रडतात." मोठी आत्या व्हिडिओ कॉलवर. मी कात्री लावली की ती थांब म्हणायची. परत लावली, परत थांब. तिसऱ्यांदा मी कॉल कट केला आणि मग कापड कट केलं.

खरं सांगू का, ही सगळी रडारड चालू असताना मला आजीच आठवत होती. तिने आजोबांचा लग्नातला कोट बोहारणीला देऊन स्टीलचा डबा घेतला होता, आणि रडली बिडली नाही, उलट झाकण घट्ट नाही म्हणून डबा बदलून घेतला. त्या डब्यात आमच्याकडे अजून रवा असतो. आणि तिच्याच लुगड्याला कात्री लावताना मी मात्र घामाघूम.

पदराच्या कोपऱ्यात एक तपकिरी डाग होता, मिश्रीचा. ताई म्हणाल्या हा भाग काढून टाकते, मी म्हटलं हो, काढा.

पिशव्या वर्षश्राद्धाला वाटल्या. खरंच सुंदर झाल्या होत्या, काकांनी तर तिथेच सगळ्यांचं बीपी तपासलं. मोठ्या आत्याने तिची पिशवी घेतली, उलटी केली, सुलटी केली, अस्तर बाहेर काढून बघितलं, आणि विचारलं, "डाग कुठाय?"

"कसला डाग?"

"अगं मिश्रीचा. पदराच्या कोपऱ्यातला. त्याच्यासाठीच तर पदर मागितला ना मी."

मी बाहेर गॅलरीत जाऊन ताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, थांबा हां, चिंध्या मी टाकत नाही, भरायला वापरते. तुमच्या चिंध्या... हां, त्या पिनकुशनमध्ये भरल्या.

आत येऊन सांगितलं आणि चूक झाली. धाकट्या आत्याने तिथल्या तिथे पिनकुशन उचलून पर्समध्ये टाकली. मोठी म्हणाली उसव, तेवढं काढून दे, परत शिवून देते मी. धाकटी म्हणाली माझी वस्तू आहे, उसवायची नाही. दोघी सत्तरीच्या पुढच्या. जेवताना एकमेकींकडे बघितलं नाही, जिलबी मात्र मीच दोघींना आग्रह करकरून वाढत होते.

काकू सांगत होती, धाकटी आता सुई टोचायच्या आधी ती उशी नाकाला लावून बघते. आणि मोठी दर गुरुवारी तिच्याकडे जाते. ब्लाउजचं हुक निघालंय म्हणे, लावायचंय. एवढी हुकं कुणाची निघतात?