‘८० टक्के मुली २० टक्के मुलांच्याच मागे’ हे कुणी आणि कधी मोजलं?

माझ्या भाच्यानं मध्यंतरी बहिणीला सांगून टाकलं, “माझ्यासाठी स्थळं बघू नकोस, काही उपयोग नाही.” मुलगा सव्वीस वर्षांचा, सांगलीत वाढलेला, पुण्यात बऱ्या पगारावर. प्रेमभंग वगैरे झाला असेल म्हणून बहीण हवालदिल झाली. मी खोदून विचारलं तेव्हा त्यानं मोबाईल पुढे केला. मित्रांच्या ग्रुपवर आलेला लांबलचक मेसेज, वर एक आलेख. “मावशी, हे कुणाचं मत नाहीये. डेटा आहे.”

मेसेज तुमच्यापर्यंतही आला असेल. डेटिंग अ‍ॅपवरच्या ८० टक्के मुलींना सगळ्यात देखण्या २० टक्के मुलांतच रस असतो, आणि हे ओकेक्युपिड व टिंडर या कंपन्यांनीच सिद्ध केलंय, अशी सुरुवात. म्हणून साधारण दिसणाऱ्या मुलाला संधीच नाही. गावाकडं मुलांची लग्नं रखडलीत त्याचंही कारण हेच, मुलींच्या वाढलेल्या अपेक्षा. आणि शेवटी उपाय: मुलींना भाव द्यायचा नाही, पहिला नकार ही ‘टेस्ट’ असते, मागे लागत राहायचं. कळकळ दाखवून लिहिलंय, म्हणूनच मुलांना पटतं.

आधी ओकेक्युपिड. हा आकडा हवेतून आलेला नाही हे मान्य करते. या अमेरिकन डेटिंग साइटनं नोव्हेंबर २००९ मध्ये आपल्या ब्लॉगवर सदस्यांची माहिती मांडली होती. लेखक ख्रिश्चन रडर, कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. सदस्य एकमेकांच्या फोटोंना गुण देत. बायकांनी ८० टक्के पुरुषांना मध्यमपेक्षा कमी गुण दिले. पुरुषांनी मात्र बायकांना समतोल गुण दिले होते: थोड्या सुंदर, थोड्या सुमार, बहुतेक मधल्या. मेसेज इथं थांबतो. मूळ लेख थांबत नाही. त्याच लेखात पुढचा आलेख आहे, प्रत्यक्षात कुणी कुणाला निरोप पाठवला त्याचा. बायकांनी ज्यांना कमी गुण दिले, त्याच पुरुषांना त्या निरोपही पाठवत होत्या. फोटो फारसा आवडला नाही म्हणून त्यांनी माणूस सोडून दिला नव्हता. आणि गुण देताना इतके न्यायी असलेले पुरुष? त्यांचे दोनतृतीयांश निरोप सगळ्यात सुंदर ठरलेल्या एकतृतीयांश बायकांकडे गेले होते.

म्हणजे देखण्यांच्याच मागे लागण्याचा पुरावा त्या लेखात आहे, पण तो पुरुषांविरुद्ध आहे. ज्यानं पहिला आलेख कापून घेतला त्याला दुसरा दिसला नसेल यावर माझा विश्वास नाही. दोन्ही एकाच लेखात आहेत. अर्धं पान फाडून ‘डेटा’ म्हणून पोरांच्या हातात द्यायचं याला मी लबाडी म्हणते. भाच्याला मी दोन्ही आलेख शेजारी-शेजारी दाखवले. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, “पण टिंडरचं काय?”

टिंडरचं काहीच नाही. टिंडर कंपनीनं असलं काही सिद्ध केलेलं नाही. २०१५ मध्ये एका निनावी ब्लॉगरनं टिंडरवरच्या २७ बायकांना विचारलं की तुम्ही किती टक्के पुरुषांना लाइक करता, आणि त्यावरून गणित मांडलं. बायका लाइक करतात ते पुरुष क्रमानं सगळ्यात देखणेच असतात, हे त्यानं गृहीतच धरलं होतं. सत्तावीस जणी आणि एक गृहीतक! आमच्या कॉलेजात प्रकल्पालासुद्धा एवढ्यावर कुणी सही दिली नसती.

‘साधारण मुलाला संधी नाही.’ यात अर्धं खरं आहे, आणि तेवढं मी मान्य करते. अ‍ॅपवर मुलांना उत्तरं कमी येतात. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये बनावट प्रोफाइलं करून टिंडरवर हे तपासलं होतं: बायकांच्या प्रोफाइलना सुमारे १० टक्के वेळा जुळणी मिळाली, म्हणजे समोरच्यानंही लाइक केलं, पुरुषांच्या प्रोफाइलना १ टक्कासुद्धा नाही. पण कारण बघा. पुरुष दिसेल तिला लाइक करत सुटतात, त्यामुळं बाईच्या फोनवर ढीग साचतो, म्हणून ती जास्त निवडक होते, म्हणून पुरुष आणखी बेछूट होतात. शिवाय अशा अ‍ॅपवर मुळात पुरुषांची गर्दी जास्त. भाच्याच्या फोनवर शांतता आहे ती या गर्दीमुळं. त्याच्या चेहऱ्याबद्दल मुलींनी काहीही निकाल दिलेला नाही. आणि अमेरिकेत २०१७ मध्ये जमलेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांपैकी ३९ टक्के ऑनलाइन भेटलेली होती, असं स्टॅनफर्डच्या मायकेल रोझेनफेल्ड यांचा अभ्यास सांगतो. ती सगळी हिरो-हिरॉइनी असतील का?

आता ज्या मुद्द्यानं माझं डोकं फिरलं तो. गावाकडं मुलांना मुली मिळत नाहीत, कारण मुली ‘टॉप २० टक्के’ शोधतात म्हणे.

गावाकडं लग्नं रखडलीत हे खरं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून मुलांनी कलेक्टर कचेरीवर मोर्चा काढला होता. त्या मुलांची चेष्टा झाली, ती व्हायला नको होती. पण मुली कुठं गेल्या हे विचारायचं तर अ‍ॅप कशाला उघडायचं, जनगणना उघडा. निसर्गतः हजार मुलग्यांमागे साधारण साडेनऊशे मुली जन्मतात. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत हजारामागे मुली १९९१ ला ९४६ होत्या, २००१ ला ९१३, २०११ ला ८९४. आणि २००१ मध्ये आमचा सांगली जिल्हा होता ८५१ वर, शेजारचं कोल्हापूर ८३९ वर. उसाचा, दुधाचा, साखर कारखान्यांचा सधन पट्टा. २००१ मध्ये जी पोरं पाळण्यात किंवा बालवाडीत होती तीच आज पंचवीस-तिशीची आहेत. माझा भाचा त्यातलाच. त्याच्या वयाच्या हजार मुलांमागे जिल्ह्यात निसर्गतः असायला हव्या होत्या त्यापेक्षा सुमारे शंभर मुली कमी आहेत, आणि त्यांनी कुणालाही नकार दिलेला नाही, कारण त्यांना जन्मच दिला गेला नाही.

हे कुणी केलं ते आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्रानं देशात सगळ्यात आधी, १९८८ मध्ये केला. केंद्राचा आला १९९४ मध्ये. तरी सोनोग्राफी होत राहिली, ‘यावेळी मुलगाच हवा’ म्हणत सुना दवाखान्यात जात राहिल्या, म्हणजे नेल्या जात राहिल्या. त्याच घरांत आज तिशीच्या मुलासाठी स्थळ मिळेना, आणि त्याच घरांतल्या मोबाईलवर हा मेसेज येतो की दोष मुलींच्या अपेक्षांचा. राग येणार नाही तर काय होईल?

अपेक्षा असतात, नाही म्हणत नाही. पुण्यात फ्लॅट, नोकरी पक्की, सासू-सासरे शक्यतो लांब, असं बायोडाटावर सरळ लिहिलेलं मी वाचलंय. पण बहिणीनं भाच्यासाठी केलेल्या बायोडाटात ‘गोरी, सडपातळ, उच्चशिक्षित, घर सांभाळणारी’ हेही मीच वाचलंय, आणि ते वाक्य मीच खोडायला लावलं. ‘शेतकरी नवरा नको’ हे तर बहुतेक वेळा मुलीच्या आधी तिचा बाप म्हणतो, जो स्वतः शेतकरी असतो. द्राक्षाची बाग गारपिटीत गेल्यावर सोसायटीचं कर्ज कसं फेडतात हे त्यानं बघितलेलं असतं. त्याला देखणा जावई नको असतो, महिन्याला हातात पैसे येणारा हवा असतो. याचा आणि टिंडरच्या आलेखाचा काय संबंध?

राहिला उपाय. ‘भाव देऊ नका’ यावर मी शाई वाया घालवत नाही. पण ‘पहिला नकार ही टेस्ट असते, मागे लागत राहा’ हे वाक्य धोक्याचं आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ७८ आहे, आधी भारतीय दंड संहितेत ते ३५४ ड होतं. मुलीनं रस नसल्याचं स्पष्ट दाखवल्यावरही पुरुषानं पुन्हा पुन्हा तिच्याशी संपर्क साधायचा प्रयत्न करणं, ती इंटरनेटवर काय करते यावर पाळत ठेवणं, हे पाठलागाच्या गुन्ह्यात येतं. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत कैद, दुसऱ्यांदा पाचपर्यंत, आणि दुसऱ्या वेळी गुन्हा अजामीनपात्र. सतत येणाऱ्या मेसेजमुळं त्या मुलीचे दिवस कसे जातात, हे तर कलमात मावतही नाही. हा मेसेज ज्यांनी पुढे पाठवलाय त्यांनी बाकीचं ठेवायचं तर ठेवा, निदान हे वाक्य ग्रुपवरून आजच काढा.