रमा, उमा, ठमा

कॉलेजात असल्यापासून ठरलेलं, मुलगी झाली की नाव रमा. दोन अक्षरं, जोडाक्षर नाही, कितीही झोपेत असलं तरी हाक नीट मारता येते. नवऱ्याला साखरपुड्याच्या आधीच सांगून ठेवलं होतं, त्याने हो हो केलं होतं, म्हणजे ऐकलं नव्हतं.

मुलगीच झाली. घरी आले तर सासूबाईंनी डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा पुढ्यात ठेवला, झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, 'चि. सौ. कां. रमा हिस मामाकडून'. म्हटलं, आई, ही रमा कोण? त्या म्हणाल्या, "मीच की गं." लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने 'सुनंदा' लिहिलं आणि रमा राहिली ती डब्यावर. नवरा म्हणे, मामा तिला रमे म्हणतो खरं, मला वाटलं लाडाने म्हणतो.

झालं. आता सासूचं नाव पोरीला ठेवायचं म्हणजे "रमे, कार्टे, परत दुपटं ओलं केलंस?" हे मी ओरडणार आणि आई शेजारच्या खोलीत वाती वळत बसलेल्या.

मग शोधाशोध. उमा? नणंदेची सासू. क्षमा? दर हाकेला माफी मागितल्यासारखं वाटतं. रमा उलटं करून पाहिलं तर 'मार' झालं. जानकी सुचलं, पण आम्ही राहतो पंचवटीत, सीतेला रावणाने पळवली ती इथूनच, आई म्हणाल्या नको बाई. नवरा म्हणे मग शूर्पणखा ठेवू, तिच्या नाकावरनंच आपल्या गावाचं नाव पडलंय. त्याला मी लाडू दिला नाही त्या दिवशी.

गुरुजींनी पत्रिका पाहून सांगितलं, हस्त नक्षत्र, चौथं चरण, अक्षर ठ. ठ! मला रमा हवी होती, मिळत होती ठमा.

सासरे म्हणाले, "एवढं काय त्यात, कुसुमाग्रजांचं जन्माचं नाव गजानन, दत्तक गेले आणि विष्णू झाले, काही अडलं का त्यांचं? आणि रमाच ठेव की, मी काय हिला त्या नावाने कधी हाक मारली नाही." त्यांनी कुठल्याच नावाने मारलेली नाही, त्यांचं आपलं 'अगं, ऐकलंस का'. पण मलाही पटायला लागलं होतं, चाळीस वर्षं पडून असलेलं नाव, घेतलं तर काय बिघडलं? जन्माची नोंद झाली होती, दाखल्यावर नावाची जागा तेवढी कोरी, आणि ती भरायला बारा महिने फुकटात मिळतात.

दहाव्या दिवशी पिंपळगावहून मामा द्राक्षांची पेटी घेऊन आले, दारातूनच ओरडले, "रमेऽऽ!" आणि आई, ज्यांना खुर्चीतून उठताना गुडघे धरावे लागतात त्या आई, हातातलं लाटणं तसंच घेऊन, "आले रे दादाऽ" करत पळाल्या.

म्हटलं, नाही, हे नाव वापरात आहे.

बाराव्या दिवशी नणंदेने कुर्रर्र करून कानात 'शाल्मली' सांगितलं. घरात सगळे ठमीच म्हणतात.