त्या पुस्तकाला टाइमपास म्हणू नका

सोसायटीच्या वाचनकट्ट्यावरून आत्ता आले. अजून जेवले नाहीये. आधी हे लिहून काढते, नाहीतर घास उतरणार नाही.

आमच्याकडे महिन्यातून एका रविवारी मुलं त्यांना आवडलेल्या पुस्तकाबद्दल बोलतात आणि मोठे ऐकतात. चांगला उपक्रम आहे, मी पहिल्यापासून जाते. माझी भाची आठ दिवसांसाठी राहायला आली आहे, आठवीत आहे. तिला म्हटलं, तूही बोल. तिनं माझ्या कपाटातून स्वतःच पुस्तक काढलं, मेग कॅबटचं 'द प्रिन्सेस डायरीज'. माझी प्रत आता पिवळी पडली आहे, कणाही सुटलाय. पोरीनं चार रात्रींत संपवलं. मधूनच अंधारात खुदकन हसण्याचा आवाज यायचा. मग कागदावर मुद्दे काढले, आरशासमोर दोनदा बोलून बघितलं, मला वेळ लावायला लावली.

आणि बोललीही छान. न्यूयॉर्कमध्ये चित्रकार आईबरोबर राहणारी चौदा वर्षांची मिया. उंच, किडकिडीत, बीजगणितात नापास होत आलेली. तिला एक दिवस बाबा सांगतात की ते जेनोव्हिया नावाच्या छोट्याशा देशाचे प्रिन्स, म्हणजे तिथले राज्यकर्ते आहेत आणि आता तीच वारस आहे. मग पेपरवाले, फोटोग्राफर, शाळेतही सोबतीला अंगरक्षक. हे सगळं मिया वहीत लिहीत जाते.

बोलणं संपलं, टाळ्या झाल्या आणि मग मोठ्यांनी तोंड उघडलं.

एक काका म्हणाले, "छान बोललीस हं बाळ. पण आता जरा सकस वाचायला लाग. हे टाइमपास झालं." एका ताईंना काळजी वाटली की अशा पुस्तकांमुळे मुलींना प्रसिद्धीची आणि राजकुमारी व्हायची स्वप्नं पडतात. एक नववीतला मुलगा म्हणाला, सिनेमा बघितलाय, केस सरळ करतात नि मुलगी सुंदर होते, एवढंच आहे. सगळे हसले. भाचीही हसली. मग खाली बसून तिनं त्या कागदाची घडी घातली, पुन्हा घडी, पुन्हा घडी, इतकी की तो नखाएवढा झाला.

आणि मी काही बोलले नाही. समोर बसून होते आणि बोलले नाही. म्हणून आता बोलतेय.

२००४ च्या जूनमध्ये मी दहावीला बोर्डात आले. लातूर विभागाच्या गुणवत्ता यादीत. तेव्हा ती यादी लागायची, पुढे बोर्डानं बंद केली, फार बरं केलं. आम्ही उदगीरला राहायचो. ज्यांचं दहावी-बारावीचं वय लातूरच्या आसपास गेलंय त्यांना वेगळं सांगायला नको की तिकडे बोर्डात येणं म्हणजे काय असतं. दुपारी निकाल कळला आणि संध्याकाळपर्यंत घरात चप्पल ठेवायला जागा उरली नाही. पेपरचा फोटोग्राफर आला. आई मला पेढा भरवतेय असा फोटो त्याला हवा होता. पहिल्यांदा माझे डोळे मिटले, दुसऱ्यांदा आईचा पदर आडवा आला. तिसऱ्या पेढ्याला माझ्या पोटात ढवळायला लागलं होतं, पण पेपरात आलेल्या फोटोत मी हसतेय.

पुढचे तीन आठवडे मी सोळा वर्षांची मुलगी नव्हते. मी 'ती बोर्डात आलेली' होते. रस्त्यात बायका थांबवायच्या आणि आपल्या मुलांना म्हणायच्या, बघ, ही बघ. मुलं माझ्याकडे ज्या नजरेनं बघायची ती नजर मी अजून विसरलेले नाही. सत्कार किती झाले ते मोजलं नाही. नारळ इतके जमले की आई शेजारी वाटायची. भिंतीवरची चार घड्याळं मिळाली, सात पेनं मिळाली, आणि एकाच थोर पुरुषाचं चरित्र तीन वेगवेगळ्या मंडळांकडून. सकस वाचन.

ऑगस्टमध्ये मुंबईची मावसबहीण आली आणि तिनं हे पुस्तक दिलं. म्हणाली, बक्षीस नाही, मला आवडलं म्हणून आणलंय. मी मराठी माध्यमाची. बोर्डात आलेली असले तरी इंग्रजी गोष्टीचं अख्खं पुस्तक कधी वाचलं नव्हतं. डिक्शनरी मांडीवर घेऊन दीड महिना लागला. न्यूयॉर्कमधल्या दुकानांची नावं, टीव्हीवरचे कार्यक्रम, त्यातलं निम्मं कळलं नाही. पण एका जागी मी थांबले, मागे गेले आणि तेच पान पुन्हा वाचलं.

बाबा मियाला प्लाझा हॉटेलात बसवून सांगतात की तू आता नुसती मिया नाहीस. तिचं लांबलचक राजघराण्याचं नाव सांगतात. आणि ही मुलगी आनंदानं उड्या मारत नाही. ती तिथून पळून जाते, सेंट्रल पार्कच्या प्राणिसंग्रहालयात, पेंग्विनच्या घरात, आणि तिथे बसून वहीत लिहिते.

ताई, तुम्ही म्हणता या पुस्तकानं मुलींना प्रसिद्धीची स्वप्नं पडतील. प्रसिद्धी समोर आल्यावर जी पोरगी पळून जाऊन पेंग्विनपाशी बसते, तिची गोष्ट आहे ही!

मीही पळाले होते. तालुक्याच्या मोठ्या सत्काराला आई साडी नेसवणार होती म्हणून सकाळी उठले आणि सायकल काढून सरळ किल्ल्यात गेले. उदगीरचा किल्ला तुम्हाला पानिपताच्या आदल्या वर्षीच्या, १७६० च्या लढाईमुळे माहीत असेल, भाऊसाहेबांनी निजामाला हरवलं ती. मला तो माहीत होता कारण सकाळी तिथे कोणी नसायचं. बुरुजाच्या सावलीत दोन तास बसले. रडू येत नव्हतं, काहीच येत नव्हतं. फक्त तिथे मला कोणी बघत नव्हतं. ते कोणाला सांगता आलं नाही, कारण सांगणार काय? लोक कौतुक करतात म्हणून त्रास होतो असं म्हणणारी मुलगी म्हणजे माजलेली. दोन महिन्यांनी एका परक्या देशातल्या, परक्या भाषेतल्या, म्हणे हलक्याफुलक्या पुस्तकानं मला सांगितलं की असं होतं. तीन-तीन प्रती मिळालेल्या चरित्रात ते नव्हतं.

आता त्या सिनेमाबद्दल. तो २००१ चा आहे आणि मला आवडतो, पण सिनेमा बघून पुस्तकावर बोलू नये. सिनेमात गोष्ट सॅन फ्रान्सिस्कोला नेली आहे, बाबा वारलेले दाखवलेत आणि आजी गोड केली आहे. पुस्तकातली आजी सिगरेट ओढते, पापण्यांवर काजळ गोंदवून घेतलेलं, नातीला धाकात ठेवणारी. आणि पुस्तकातले बाबा जिवंत आहेत. मिया वारस का होते? तर बाबांना कॅन्सर होऊन गेलाय आणि त्यांना आता दुसरं मूल होणार नाही, म्हणून. ज्या पुस्तकाला टाइमपास म्हणालात त्याची सगळी गोष्ट या एका गोष्टीवर उभी आहे. आईनं शाळेतल्या बीजगणिताच्या सरांबरोबर फिरायला सुरुवात केली म्हणून मिया शरमेनं अर्धमेली होते. ते लेखिकेच्या स्वतःच्या आयुष्यातून आलंय. वडील गेल्यावर तिच्या आईनं तिच्याच एका शिक्षकांबरोबर फिरायला सुरुवात केली होती. म्हणजे मुळात मुकुट नव्हताच, आईकडे बघून ओशाळलेली एक मुलगी होती.

हो, नटवणं आहे. आजी केशरचनाकाराकडे पाठवते, केस कापतात, नखं लावतात. आहे ते, नाही म्हणत नाही. पण पुढचं पान वाचा ना. तिची जिवलग मैत्रीण लिली तिला त्या नव्या अवतारात बघते आणि असं झापते की दोघींचं बोलणं बंद होतं. जो आक्षेप आज कट्ट्यावर घेतला गेला तो त्या पुस्तकातच चौदा वर्षांच्या मुलीनं घेतलाय.

लिलीवरून आठवलं. आठवलं म्हणजे काय, विसरलेच नव्हते. माझी पहिलीपासूनची मैत्रीण. तिला ७१ टक्के पडले होते. चांगले मार्क होते ते. पण तिच्या घरात माझा पेपरातला फोटो आणून तिच्यासमोर ठेवला गेला. ती यायची बंद झाली. मी दोनदा गेले, दोन्ही वेळा ती घरात नाही असं सांगितलं. दुसऱ्या वेळी तिची सायकल अंगणात होती. मिया आणि लिलीचं पुस्तकात जमतं. आमचं नाही जमलं. ते पान वाचताना मी डिक्शनरी बाजूला ठेवली होती, कारण शब्द अडत नव्हते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्यासाठी मी आज उठून उभं राहायला हवं होतं. शाळेत नाचाचा कार्यक्रम असतो. जिच्याकडे जॉश नावाच्या देखण्या मुलानं कधी ढुंकून पाहिलं नव्हतं, तिलाच तो आता घेऊन जातो. दाराशी फोटोग्राफर उभे असतात. तो तिचा मुका घेतो, तिथेच, कॅमेऱ्यासमोर. आणि मियाला कळतं की हा माझ्यासाठी नव्हता, त्यांच्यासाठी होता.

माझ्या वेळी तो मुलगा नव्हता, एक क्लास होता. नाव घेणार नाही. मी त्या क्लासला एकही दिवस गेले नव्हते. निकालानंतर चौथ्या दिवशी ते घरी आले, शाल दिली, नारळ दिला, माझ्या शेजारी उभे राहून फोटो काढला, डोक्यावर हात ठेवला. बाबांना भरून आलं. पुढच्या आठवड्यात चौकात भला मोठा बॅनर. माझा फोटो, माझं नाव आणि वर 'आमची यशस्वी विद्यार्थिनी'. मी सायकल थांबवून त्या बॅनरखाली उभी राहिले. खूप वेळ. घरी येऊन बाबांना म्हटलं, बाबा, हे खोटं आहे, काढायला सांगा. बाबा म्हणाले, "राहू दे की माय. आपलं नाव झालंय ना गावात."

राग कसला आला होता तेही तेव्हा कळलं नाही. कोणी मारलं नव्हतं, शिवी दिली नव्हती, शाल दिली होती. जॉशचं ते प्रकरण वाचलं त्या रात्री कळलं. मला वापरलं होतं. सोळाव्या वर्षी हा एक शब्द मिळणं किती मोठी गोष्ट असते, काका! त्यानंतर मला विचारल्याशिवाय मी माझा फोटो कुणाला काढू दिलेला नाही. आज ज्या मुलींच्या हातात फोन आहेत, ज्यांचा प्रत्येक नाच, प्रत्येक वाढदिवस आपणच जगासमोर टाकतो, त्यांना हे पुस्तक नको? त्यांनाच तर हवंय.

बरं, 'सकस' म्हणजे काय ते तरी ठरवा. आपण चिं. वि. जोशींचा चिमणराव डोक्यावर घेतो, पुलंची वाक्यं लग्नात, मुंजीत, ऑफिसात म्हणतो. ते हसवतात म्हणून हलके झाले का? कोणी म्हणत नाही. मग चौदा वर्षांची मुलगी स्वतःच्या वहीत स्वतःच्या शरमेवर हसली की तो टाइमपास कसा? मला उत्तर माहीत आहे. मुलींचं हसणं आपल्याला मोठं वाटत नाही. मुलीनं रडून लिहिलं तर साहित्य.

त्या नववीतल्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला कोणी सांगितलंच नाही की मुलीची डायरी त्यानंही वाचायची असते.

आणि काकांवरही आता तेवढा राग नाहीये, लिहिता लिहिता उतरला. सगळी पुस्तकं सारखी असतात असं मी म्हणत नाही. ही मूळ मालिका पुढे दहा भागांपर्यंत गेली, २००९ पर्यंत, आणि ते दहाही सारखेच चांगले असतील असं छातीठोक सांगणार नाही. काका वाईट माणूस नाहीत. कट्ट्यासाठी खुर्च्या लावायला सगळ्यांत आधी येतात. त्यांचा आवाज ऐकून मला बाबाच आठवत होते, बहुतेक म्हणूनच मी बोलू शकले नाही. बाबांनाही वाटायचं पोरीनं चांगलं वाचावं, मोठं व्हावं, नाव व्हावं. बाबा गेल्यावर त्यांच्या पाकिटात ते पेपरातलं कात्रण सापडलं, आई पेढा भरवतेय ते. घड्यांवर फाटलेलं आणि मागून सेलोटेप लावलेलं. मला ज्या फोटोचा इतकी वर्षं राग होता तो त्यांनी जवळ बाळगला होता. बॅनर काढायला सांगायला ते गेले नाहीत याचा राग मी अजून पूर्ण सोडलेला नाही. पण ते कात्रण माझ्याकडे आहे. फेकलेलं नाही.

मघाशी भाचीला हे सगळं सांगितलं, किल्ल्यापासून बॅनरपर्यंत. ती म्हणाली, "मावशी, मग तू तिकडे का नाही बोललीस?" मी म्हटलं, पुढच्या वेळी बोलेन. ती म्हणाली, "मी बोलीन. तू फक्त ते कात्रण आण."

तर पुढच्या कट्ट्याला आम्ही दोघी जातोय. तोवर तिला दुसरा भाग वाचायचाय, आणि तो माझ्याकडे नाही. पुण्यात कोणाकडे असेल तर कळवा, मी येऊन घेऊन जाईन. मराठी-इंग्रजी दोन्हीकडची, मुलीनं सांगितलेली अशी हसरी पुस्तकं आणखी माहीत असतील तर तीही खाली लिहा.